मोटारी एकसारख्या नाहीत, मग शर्यत बरोबरीची कशी?

प्रश्न : ताई, परवा मुलाच्या शेजारी बसून युरोपातली इलेक्ट्रिक माउंटन बाइकची एक शर्यत मोबाइलवर पाहिली. चढावर सगळे मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागोमाग. कुणी कुणाला मागे टाकत नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, ज्याची मोटार दांडगी तो जिंकणार." मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. मोटार लावल्यावर ती सायकलची शर्यत राहते का? आणि ती सगळ्यांना न्याय देणारी करायची तर काय करायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रांग तुम्ही बरोबर हेरलीत, पण ती दांडग्या मोटारीमुळे लागलेली नाही. ती त्या चढामुळे लागली. अशा वेळी दोष सायकलींचा कमी आणि तो चढ शर्यतीत घालणाऱ्याचा जास्त, हे माझं ठाम मत आहे.

आधी नियम. युरोपात या सायकलीची मोटार पेडल मारल्याशिवाय चालत नाही. तिची सलग देता येणारी ताकद २५० वॉट (थोड्या वेळापुरता जोर याहून बराच जास्त असू शकतो), आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होते. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या शर्यतीही याच चौकटीत चालतात. पंचविसाच्या पुढे जायचं तर स्वतःच्या पायांवर, तेही बावीस-चोवीस किलोची सायकल ओढत.

आता पाच टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर उंची. रुंद, खडी दाबून बसवलेला जंगलातला रस्ता. स्वार ७५ किलोचा, सायकल २३ किलोची. हा चढ ताशी २५ नं चढायला ढोबळ हिशेबानं साडेपाचशे वॉट लागतात. मोटार स्वाराच्या जोरात साधारण साडेतीनपट भर घालते असं धरलं, तर स्वारानं सव्वाशे वॉट दिले की झालं. रोज थोडीफार सायकल चालवणारा माणूस गप्पा मारत मारत एवढा जोर देतो. त्याच्या शेजारी जागतिक दर्जाचा स्वार असेल, तो साडेतीनशे वॉट सहज देईल. पण २५ ला मोटार हात काढून घेते आणि तोच चढ ताशी ३० नं चढायला सातशे वॉट लागतात, सगळे स्वतःच्या पायांतून. एखादं मिनिट जमेल त्याला, मग दम संपला. म्हणून दोघं शेजारी शेजारी, आणि मागे सगळी रांग. सौम्य चढावर वेग ठरवणारा स्वार नसतो, ती २५ ची मर्यादा असते.

मग चढ तीव्र करू, असं आयोजकांना लगेच वाटतं. करून पाहू. तोच रस्ता, तीच खडी, फक्त चढ वीस टक्क्यांचा. स्वाराचे २५० वॉट धरा. एका सायकलीची मोटार जोरात असताना ६०० वॉट देते, दुसरीची १०००. पहिली ताशी साधारण १५ नं चढेल, दुसरी २१ नं. तीनशे मीटरच्या चढावर वीस सेकंदांहून जास्त फरक पडला, आणि दोन्ही स्वारांनी घाम सारखाच गाळला. तुमच्या मुलाचं म्हणणं इथे मात्र शब्दशः खरं ठरतं.

तेव्हा चढ सौम्य असो की तीव्र, रस्ता गुळगुळीत असेल तोवर न्याय मिळत नाही. न्याय मिळतो तो तिसऱ्या प्रकारच्या चढावर, जिथे मोटारीकडे ताकद असूनही ती वापरता येत नाही. झाडांची ओली मुळं, सुटे गोटे, गुडघ्याएवढी दगडाची पायरी, आणि पायरीच्या लगेच वर उलटं वळण. इथे जोर जास्त दिला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, नाहीतर पुढचं चाक हवेत उठतं. स्वाराला बूड सीटच्या टोकाशी आणावं लागतं, छाती हँडलवर झुकवावी लागते, आणि मोटारीचा जोर पायानं मोजून मापून मागावा लागतो. हजार वॉटवाल्यानं इथे सहाशेच वापरले तर तो वर पोचेल. हजार मागितले तर पाय टेकेल.

दुसरीही एक गंमत आहे आणि मार्ग आखणाऱ्यांनी ती मनापासून वापरावी. पेडल फिरेल तेव्हाच मोटार चालते. दोन दगडांच्या मधून वाट अशी काढली की पेडलचा पूर्ण फेरा मारताच येऊ नये, मारला तर पेडल दगडाला आपटावं, की स्वाराला अर्धे-अर्धे फेरे मारत, तोल सांभाळत चढावं लागतं. अर्ध्या फेऱ्याला मोटार किती साथ देईल आणि पाय थांबल्यावर ती क्षणभर कितपत ढकलत राहील, हे अंगात मुरलेलं असावं लागतं. ते कौशल्य पैसे देऊन विकत मिळत नाही.

विजेत्यांची नावं पाहिलीत तरी हे पटेल. यूसीआयची पहिली ई-माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद शर्यत २०१९ साली कॅनडात मों-सांत-आन इथे झाली. पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा अॅलन हॅथर्ली जिंकला. त्यानंच पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये, अर्थात बिनमोटारीच्या सायकलवर, कांस्यपदक मिळवलं. महिलांत स्वित्झर्लंडची नाताली श्नाइटर जिंकली, जी २००४ साली ज्युनियर गटाची विश्वविजेती होती. २०२० साली ऑस्ट्रियात लिओगांगला टॉम पिडकॉक जिंकला. त्याच आठवड्यात त्यानं २३ वर्षांखालील गटाचं साध्या सायकलचं विजेतेपदही घेतलं होतं. त्या वर्षीची महिला विजेती मेलानी प्युजँ मात्र एंड्युरोची, म्हणजे अवघड उतारांच्या शर्यतींत तयार झालेली. दम असलेले आणि हात तयार असलेले, असे दोन्ही प्रकारचे स्वार जिंकतात. मुलाला ही नावं सांगा.

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते, आणि आमच्या क्लबबरोबर वाटा दुरुस्त करणं आणि शर्यतीसाठी त्या आखणं हे माझं आवडतं काम आहे. आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या वनकायद्यात दोन मीटरचा नियम आहे. त्याहून अरुंद पायवाटेवर सायकल चालवायला मनाई, खास मंजुरी असेल तेवढ्याच वाटा मोकळ्या. म्हणजे इथल्या आयोजकाच्या हाताशी पहिल्यांदा येतात ते लाकडाच्या ट्रकसाठी बांधलेले रुंद, सौम्य चढाचे रस्ते. ई-बाइकच्या शर्यतीला याहून वाईट रस्ता नाही! सोय म्हणून तेच वापरले जातात आणि मग तुम्ही पाहिलीत तशी रांग लागते. मंजूर वाट फक्त तीनशे मीटर असली तरी शर्यतीचा चढ तिच्यावरूनच न्यावा, आणि गरज पडली तर तीच वाट अनेक फेऱ्यांत पुन्हा पुन्हा घ्यावी, यासाठी मी प्रत्येक बैठकीत भांडते.

पर्यायी वाटेचा हिशेब तर बहुतेक ठिकाणी चुकतो. क्रॉस-कंट्री शर्यतीत अवघड जागेला बगल देणारी एक सोपी, लांब वाट ठेवतात. साध्या सायकलींसाठी आखलेली बगल तशीच ई-बाइकला ठेवली की सगळा खेळ बिघडतो. समजा अवघड वाट ८० मीटरची आहे आणि चांगला स्वार ती ताशी १२ नं चढतो. त्याला २४ सेकंद लागतील. सोप्या वाटेवर साधी सायकल ताशी १५ नं चढते, म्हणजे ती वाट १०० मीटरहून थोडी लांब असली की सोपी वाट घेणारा मागे पडतो. पण ई-बाइक त्याच सोप्या वाटेवर २५ नं पळते. २४ सेकंदांत ती १६७ मीटर जाते! म्हणजे १२० मीटरची बगल ठेवली तर अवघड वाट घेणारा वेडा ठरतो. अवघड वाटेला पाचेक सेकंदांचं बक्षीस द्यायचं असेल तर बगल २०० मीटरची हवी. इंचपट्टी घेऊन बसा आणि हा एक आकडा सुधारा, निम्मा अन्याय तिथेच मिटतो.

शर्यतीच्या सुरुवातीचंही तसंच. साध्या सायकलींच्या शर्यतीत पहिला रुंद चढ घोळका पांगवतो, म्हणून आयोजक तोच ठेवतात. ई-बाइकवर तो घोळका चढाच्या माथ्यापर्यंत एकसंध राहतो आणि अरुंद वाटेच्या तोंडाशी अंगावर अंग पडतं. त्यापेक्षा सुरुवातीला सपाट रस्ता ठेवावा, सहा-सातशे मीटरचा. सपाटीवर सगळे पंचविसाच्या वर जातात, सगळ्यांच्या मोटारी गप्प होतात आणि फक्त पाय उरतात. खडीच्या सपाट रस्त्यावर ताशी ३० राखायला साधारण ३०० वॉट लागतात. ज्याच्याकडे आहेत तो पुढे येतो. मोटारीच्या शर्यतीतला सगळ्यात समान तुकडा सपाटीचा असतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

प्रश्न : माझ्या आणि मित्राच्या, दोघांच्याही सायकलवर '२५० वॉट' असंच लिहिलंय. तरी त्याची सायकल घाटात माझ्या दुप्पट ओढते. कुणाचा आकडा खोटा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही खरे. ते २५० वॉट म्हणजे मोटार न तापता सलग देऊ शकेल अशी ताकद. आपल्याकडेही नोंदणी आणि परवान्याशिवाय चालणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकीला २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे. पण क्षणिक जोर वेगळा. टीक्यूची एचपीआर ५० ही छोटी, हलकी मोटार ५० न्यूटन-मीटर (हे चाक फिरवणाऱ्या जोराचं माप) आणि ३०० वॉटपर्यंत जाते. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स कित्येक वर्षं ८५ न्यूटन-मीटर आणि ६०० वॉटची होती, २०२५ साली सॉफ्टवेअर बदलून ती १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॉटपर्यंत नेली. २०२४ साली आलेली डीजेआयची अॅव्हिनॉक्स 'बूस्ट' या सगळ्यात जोरदार सेटिंगवर थोडा वेळ १२० न्यूटन-मीटर आणि १००० वॉट देते. कागदावर सगळ्या २५० च्याच.

जर्मनीतल्या सायकल उद्योगाच्या झेडआयव्ही या संघटनेनं म्हणूनच २०२५ साली सुचवलं की कमाल जोर ७५० वॉटला थांबवा आणि मदतीचं प्रमाणही बांधा. मला ते हवंच आहे. पण नियम बदलायला वर्षं लागतात. पायरी आणि वळण आजच आखता येतं.

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यातले काही मित्र हिवाळ्यात छोटी ई-एमटीबी (इलेक्ट्रिक माउंटन बाइक) शर्यत घ्यायच्या विचारात आहोत. कुणाची सायकल ५० न्यूटन-मीटरची, कुणाची ८५, दोघांकडे अगदी नवी. बॅटऱ्या ४०० पासून ८०० वॉट-तासांपर्यंत. सगळ्यांना सारखी सायकल देणं परवडणार नाही. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सारख्या सायकली नाहीत याचं फार वाईट वाटून घेऊ नका. पहिलं म्हणजे, डांबरी घाटरस्ता सरळ वगळा. सिंहगडाच्या रस्त्यावर ई-बाइकची शर्यत लावलीत तर मोटारींची क्रमवारी निघेल, तुमची नाही.

बॅटरीचं गणित असं. ९८ किलो वजन हजार मीटर उंच न्यायला साधारण २६७ वॉट-तास ऊर्जा लागते. त्यातली तीन-चतुर्थांश मोटार देते असं धरा, तिची तूट आणि वाटेचं घर्षण मिळवा, तर हजार मीटर चढाला बॅटरीतले ३०० ते ३५० वॉट-तास खर्ची पडतात. तुमच्यातली सगळ्यात लहान बॅटरी ४०० ची आहे, शिवाय जुनी असेल तर तेवढीही उरलेली नसेल. म्हणून एकूण चढ आठशे-नऊशे मीटरमध्ये संपवा. मग कुणालाच बॅटरी जपत चालवावं लागणार नाही आणि मोठ्या बॅटरीला भाव उरणार नाही. काही जण म्हणतात बॅटरी पुरवणं हेही कौशल्य आहे. असेल, पण ८०० वाल्याला ते कौशल्य लागतच नाही, आणि ४०० वाल्यानं एकट्यानं ते का दाखवायचं?

फेरी लहान ठेवा, तीन-चार किलोमीटरची, आणि चढ लहान लहान तुकड्यांत तोडा. साठ-सत्तर मीटर लांबीचा अवघड चढ, मग वळणावळणाची आडवी वाट, मग पुन्हा चढ. चढ लांब आणि सरळ झाला की मोठी मोटार वेग धरते. दर दहा-पंधरा मीटरला वळण किंवा पायरी आली की तिला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडचा काळा पाषाण आणि वरचा सुटा मुरूम या कामासाठी फार छान आहे. मुरमावर ५० आणि १२० न्यूटन-मीटर यांतला फरक चाक घसरण्यातच जातो. वाट निवडताना ती आधी पायी चढून पाहा. हात न टेकता, पण पाऊल बघून टाकावं लागत असेल, तर ती योग्य. नुसतं सरळ चालत गेलात तर सोपी. हात टेकावे लागले तर सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, ती सोडा.

वनखात्याची परवानगी आधी घ्या, आणि पावसाळ्यात किंवा पाऊस नुकता सरला असताना शर्यत नकोच. मोटारीचं फिरतं चाक ओली माती भराभर उकरतं. ती वाट गुराखी, गावकरी वापरतात, आणि उकरलेली चरी पुढच्या पावसात ओढा होते.

सगळ्यांना एकदम सोडायचं की अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं? एवढ्या वेगवेगळ्या सायकली असतील तर एकेक सोडा. आणि जमलं तर एंड्युरोवाल्यांची पद्धत उचला. त्यांनी २०२० साली ई-बाइकची मालिका सुरू केली तेव्हा उतारांच्या टप्प्यांबरोबर चढाचे अवघड टप्पेही घड्याळावर घेतले, त्यांना पॉवर स्टेज म्हणतात. मधला साधा रस्ता वेळेत धरायचाच नाही. जिथे मोटार ठरवते तो भाग शर्यतीबाहेर आणि जिथे स्वार ठरवतो तेवढाच भाग शर्यतीत, इतकी सरळ वाटणी दुसऱ्या कुठल्या पद्धतीत मिळत नाही.

प्रश्न : माझं वजन ५२ किलो. क्लबातले पुरुष म्हणतात की ई-बाइकवर हलक्या माणसाला आयता फायदा मिळतो, म्हणून मी जिंकले तर मोजायचं नाही. हे खरं आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि तेच अर्धं ते सांगताहेत. मोटार सगळ्यांना सारखा जोर देते, वजन मात्र वेगळं. वीस टक्क्यांच्या गुळगुळीत चढावर ६०० वॉटच्या मोटारीला तू स्वतःचे १६० वॉट जोडलेस तर ताशी १७ नं जाशील. ८५ किलोचा माणूस २८० वॉट देऊनही १४ च्या आसपास राहील. हा फायदा आहे, नाकारू नकोस.

पण २३ किलोची सायकल तुझ्या वजनाच्या जवळजवळ निम्मी आहे, त्याच्या वजनाच्या जेमतेम पाव. उतारावर ती उडी मारून वळवताना, पायरीवर पुढचं चाक उचलताना, पडल्यावर ती पुन्हा उभी करताना तुला जे लागतं ते त्याला लागत नाही. सायकल उचलून न्यावी लागेल अशी जागा शर्यतीत ठेवायला माझा विरोध आहे तो याचसाठी. तिथे ताकद नाही, नुसता आकार मोजला जातो. लहान अवघड चढ आणि तांत्रिक उतार दोन्ही असले की हे पारडं बऱ्यापैकी सम होतं. जागतिक स्पर्धेत स्त्रिया आणि पुरुषांच्या शर्यती वेगळ्या होतात, वजनाचे गट नसतात. तुमच्या क्लबातही दोन निकाल लावा, असं सांग. आणि एकत्र शर्यतीत जिंकलीस तर ती जीत मोजायलाच लाव. तू नियमात राहून जिंकलीस.

प्रश्न : वेगमर्यादा काढून टाकणारी चिप बाजारात मिळते म्हणे. ती पकडायची कशी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सायकल उघडून पाहायला माणूस आणि वेळ दोन्ही लागतात. त्याआधी मार्गाकडूनच काम करून घ्या. सौम्य चढ शर्यतीला वाईट, पण पहारेकरी म्हणून उत्तम. पाच टक्क्यांचा, शंभर-दीडशे मीटरचा सरळ तुकडा निवडा, तो शर्यतीच्या मध्यात यावा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना वेळ नोंदवा. प्रामाणिक सायकल तिथे २५-२६ दाखवेल. ताशी ३२ राखायला पायांतून पावणेआठशे वॉट लागतात. एखाद्यानं तेवढा जोर एका फेरीत लावला असं समजू, पण प्रत्येक फेरीत तोच वेग दिसला तर त्याची सायकल बाजूला घ्या आणि तपासा.

अजून एक तपासणी सुरुवातीच्या रेषेवरच करून टाका. मोटार वेग मोजते तो चाकाच्या फेऱ्यांवरून. यंत्रात चाकाचा घेर खऱ्यापेक्षा कमी भरलेला असेल, तर चिप न लावताही सायकल २५ च्या पुढे मदत देत राहते. मागच्या चाकावर खडूची खूण करा, सायकल एक फेरा ढकला, जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा आणि डिस्प्लेच्या सेटिंगशी ताडून पाहा. प्रत्येक सायकलीला मिनिटभर पुरतं.